मोठ्या व्यासाचे ओंडके उतारवयात कसे फोडावेत?

संथकुऱ्हाड (धागाकर्ता)

नमस्कार. घरामागचे रुंद बुंध्याचे एक जुने झाड वादळात पडले. तोडणाऱ्या माणसांनी बुंध्याचे ४० सेंटीमीटर लांबीचे तुकडे केले आणि ते जिथे पडले तिथेच सोडून ती माणसे निघून गेली. असे एकूण १९ ओंडके आहेत. त्यांतील बहुतेकांचा व्यास ६० सेंटीमीटरच्या आसपास असून बुडख्याकडचे चार ओंडके ७५ सेंटीमीटरपर्यंत जातात. दोन ओंडके बेचक्याचे, म्हणजे जिथे बुंध्याला दोन फांद्या फुटल्या होत्या तिथले आहेत.

माझे वय ६८ आहे. गेली तीस वर्षे मी घरच्या शेगडीसाठी सरपण स्वतःच फोडत आलो, परंतु ते फार तर ३० सेंटीमीटर जाडीचे असे. मागच्या आठवड्यात मी यांतील एका ओंडक्याच्या मधोमध पूर्ण ताकदीनिशी कुऱ्हाड घातली. पहिल्या दोन घावांत ती चेंडूसारखी उसळून परत आली आणि तिसऱ्या घावात अशी रुतली की ती सोडवण्यात अर्धा तास गेला. त्यानंतर दोन दिवस उजवा खांदा वर होत नव्हता. मी रक्तदाबाची गोळी घेतो. एरवी प्रकृती ठीक आहे.

घाव नेमका कुठे घालावा, हे ओंडके हलवावेत कसे आणि या वयात यंत्र घेणे हाच शहाणपणा आहे का, याविषयी ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी कृपया लिहावे. «सोडून द्या» हा सल्ला घरातून मिळालेला आहे, त्यामुळे तो पुन्हा देण्याची तसदी घेऊ नये.

पहार

घाव कुठे घालायचा याआधी आपण वजनाचा हिशेब करावा, असे मी सुचवीन. ६० सेंटीमीटर व्यासाच्या आणि ४० सेंटीमीटर लांबीच्या ओंडक्याचे आकारमान सुमारे ०.११३ घनमीटर भरते. ताज्या तोडलेल्या कठीण लाकडाचे वजन घनमीटरला १००० किलोच्या आसपास असते. म्हणजे आपला साधा ओंडका ११० किलोंच्या घरात जातो आणि ७५ सेंटीमीटरचा १७५ किलोंच्या. व्यास सव्वापट झाला की वजन दीडपटीहून अधिक होते, ही गोष्ट डोळ्यांना कळत नाही. पाठीला मात्र लगेच कळते.

तेव्हा पहिला नियम असा की हा ओंडका कोणत्याही ठोकळ्यावर उचलून ठेवायचा नाही, आणि दोघांनी मिळूनही ठेवायचा नाही. तो जिथे आहे तिथेच, उभ्या स्थितीत, जमिनीवर फोडायचा. तो आडवा पडलेला असेल तर खाली लांब पहार घालून, टेकूला लाकडाचा लहान तुकडा देऊन उभा करावा. पहार ओढताना आपण ओंडका ज्या बाजूला कलंडणार आहे तिथे उभे नसावे. हलवायचाच असेल तर आडवा असताना गडगडत न्यावा, पण उतारावर कधीही नाही. उतार असेल तर खालच्या बाजूला आधी पाचर किंवा दगड लावून ठेवावा.

आणखी एक गोष्ट आता आपल्या हातात नाही, तरी पुढच्या वेळेसाठी लिहितो. तोडणाऱ्यांना लांबी ४० ऐवजी ३० सेंटीमीटर ठेवायला सांगितले असते, तर प्रत्येक ओंडक्याचे वजन पावपट कमी झाले असते आणि फोडायलाही तो बराच सोपा गेला असता, कारण तडा जेवढ्या अंतरातून जायचा ते अंतरच घटते. शेगडीत लाकूड थोडे आखूड असले तर काही बिघडत नाही.

उभीरेषा

मी अनेक वर्षे सुतारकाम केले आहे, म्हणून लाकडाच्या बाजूने बोलतो.

लाकडाचे तंतू बुंध्याच्या लांबीला समांतर असतात. तंतू तोडायला फार जोर लागतो, पण एकमेकांपासून अलग करायला त्या मानाने थोडा पुरतो. फोडणे म्हणजे हे अलग करणेच. लहान ओंडक्याच्या मधोमध पाचरीसारखे पाते घुसले की दोन्ही अर्ध्या भागांना बाजूला सरकायला जागा असते. मोठ्या ओंडक्यात पात्याच्या दोन्ही बाजूंना तीस-तीस सेंटीमीटर लाकूड उभे असते आणि त्याभोवती न चिरलेली साल व बाहेरची वलये पट्ट्यासारखी आवळून बसलेली असतात. आपली कुऱ्हाड उसळली ती यामुळे. त्यात आपल्या वयाचा दोष फारसा नाही. पंचविशीतल्या माणसाचीही उसळली असती.

यावर उपाय म्हणजे मध्याचा नाद सोडून कडेपासून सुरुवात करणे. सालीपासून साधारण १० सेंटीमीटर आत, कडेला समांतर असा घाव घालावा. कुऱ्हाडीचे पाते आपल्यापासून समोर जाणाऱ्या रेषेत पडते, म्हणून ही ढलपी ओंडक्याच्या उजव्या किंवा डाव्या बाजूने निघते. एक निघाली की आपण ओंडक्याभोवती थोडे सरकावे आणि पुढची काढावी. अशा रीतीने गोल फिरत गेलो की ओंडका चौकोनी, मग लहान चौकोनी होत जातो, आणि शेवटी जो गाभा उरतो तो नेहमीच्या आकाराचा असल्यामुळे मधोमध फोडता येतो. ओंडका जागचा हलत नाही. फिरतो तो माणूस.

घाव अगदी सालीलगत पडला तर पाते बाहेर निसटून पायाकडे येऊ शकते. म्हणून पाय खांद्याएवढ्या अंतरावर, दोन्ही सारख्या रेषेत ठेवावेत, एक पाय पुढे काढू नये, आणि घाव बसताना गुडघे थोडे वाकवावेत. गुडघे वाकवल्याने हात खाली येतात, पाते सरळ खाली उतरते आणि चुकले तरी जमिनीत जाते.

पाचर_आणि_घण

वरील प्रतिसादाशी मी अर्धाच सहमत आहे. ढलप्या काढण्याची पद्धत सरळ रेषांच्या ताज्या लाकडाला उत्तम. परंतु ७५ सेंटीमीटरच्या ओंडक्याला सगळीकडून सोलत बसणे म्हणजे शेकडो घाव होतात. अशा ओंडक्यासाठी मी पोलादी पाचरी वापरतो.

ओंडका वाळू लागला की त्याच्या कापलेल्या तोंडावर गाभ्यापासून कडेकडे जाणारे तडे दिसू लागतात. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जेवढे आकसते, ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने आकसते त्याच्या साधारण दुप्पट असते. म्हणून तडे चाकाच्या आऱ्यांसारखे पडतात. लाकडाने स्वतःच आखून दिलेली ती रेषा आहे. त्यातील सर्वांत लांब तडा निवडून, कडेच्या जवळ पहिली पाचर लहान हातोडीने हलकेच रुजवावी, मग घणाने ठोकावी. तडा पुढे सरकला की त्याच रेषेवर दुसरी पाचर. दुसरी बसली की पहिली आपोआप सैल होते. तीन पाचरी असाव्यात, कारण दोन अडकल्या तर तिसरीनेच त्या सुटतात.

या पद्धतीचा उतारवयातील माणसाला मोठा लाभ असा की घण डोक्यावरून फिरवावा लागत नाही. छातीच्या उंचीवरून सोडला तरी पुरतो, आणि प्रत्येक ठोक्यानंतर थांबून लाकडाचा आवाज ऐकता येतो. पाचर बसत असताना ठोक्याचा स्वर बदलत जातो, आणि मग तंतू ताणल्याची कुरकुर सुरू होते. ती ऐकू आली की ठोकू नये, मिनिटभर थांबावे. कित्येकदा ओंडका त्या मिनिटात स्वतःच उघडतो.

दोन धोके आवर्जून सांगतो. ठोकून ठोकून पाचरीचे डोके छत्रीसारखे पसरते. त्याच्या कडेचा कपचा उडाला तर तो गोळीसारखा जातो. ती पसरलेली कड वेळोवेळी घासून काढावी आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याशिवाय ठोकू नये. दुसरे, साध्या कुऱ्हाडीची मागची बाजू घण म्हणून पाचरीवर वापरू नये. त्याने कपचे उडतात आणि दांडा बसतो ते भोकही पसरून पाते सैल होते.

उभीरेषा

पाचरीविषयीचे म्हणणे मान्य आहे. मात्र तड्यांची वाट पाहायची तर ओंडके काही महिने ठेवावे लागतील, आणि तेवढ्यात पुष्कळ जातींचे लाकूड अधिक चिवट होते. धागाकर्त्यांनी ताजेपणीच सुरुवात केलेली बरी. शिवाय सालीसकट अख्खा ओंडका आतून वाळतच नाही. पाणी मुख्यतः कापलेल्या तोंडांतून बाहेर पडते. जळणासाठी ओलावा २०% च्या खाली यावा लागतो, आणि जाड कठीण लाकडाला फोडल्यानंतरही त्यासाठी एक-दोन वर्षे लागू शकतात.

निवृत्तनाडी

मी व्यवसायाने डॉक्टर होतो. कुऱ्हाडीबद्दल मला कमी कळते, पण ती धरणाऱ्याबद्दल चार गोष्टी लिहितो.

जोर लावताना श्वास रोखण्याची सवय जवळजवळ प्रत्येकाला असते, आणि श्वास रोखून जोर केला की रक्तदाब काही क्षण झपाट्याने चढतो. घाव खाली येताना श्वास बाहेर सोडावा. लाकूडतोडे घाव घालताना जो हुंकार देतात, त्याने हेच साधते. थंडीत हे अधिक जपावे, कारण गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर आधीच भार असतो. दहा मिनिटे चालून अंग गरम केल्याशिवाय पहिला घाव घालू नये.

रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर वर्गातील, नाडीचा वेग वाढू देत नाहीत. अशा वेळी नाडी मोजून श्रमाचा अंदाज घेणे फसवे ठरते. त्याऐवजी काम करताना पूर्ण वाक्य बोलता येते का ते पाहावे. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर बसावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साधा मुका मारही मोठा होतो, तेव्हा आपल्या डॉक्टरांना या कामाबद्दल आधी सांगावे. छातीत दडपण, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, अकारण घाम किंवा मळमळ जाणवल्यास «एवढा एक संपवू» असे म्हणू नये. काम तिथेच टाकून तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. फोन खिशात असावा, खोलीत नव्हे. तहानेची जाणीवही वयाबरोबर मंदावते, म्हणून पाणी घड्याळ पाहून प्यावे.

आणि आपल्या खांद्याबद्दल: दोन दिवस हात वर होत नव्हता, तर तो पूर्ण मोकळा होईपर्यंत डोक्यावरून कुऱ्हाड नेऊ नका.

सव्वादोनकिलो

कुऱ्हाडीच्या वजनाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. मॉल या नावाने मिळणारी जाड डोक्याची कुऱ्हाड पुष्कळदा ३.६ किलोंची असते आणि «मोठे लाकूड, मोठे हत्यार» या समजुतीने ती घेतली जाते. आघाताची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २.५ किलोंची कुऱ्हाड २०% अधिक वेगाने आली की ३.६ किलोंच्या कुऱ्हाडीइतकीच ऊर्जा देते. दोनशे घावांमागे दोनशे वेळा १.१ किलो कमी उचलावे लागते, म्हणजे दिवसाला २२० किलोंची बचत.

पाचर_आणि_घण

हिशेब बरोबर आहे, परंतु तो २०% अधिक वेग ६८ व्या वर्षी कोठून आणायचा? जड हत्यार निदान स्वतःच्या वजनाने तरी पडते.

सव्वादोनकिलो

पडते खरे, पण आधी ते वर कोण नेतो? माझा अनुभव सांगायचा तर दिवसाच्या पहिल्या वीस घावांत जड हत्यार जिंकते आणि त्यानंतर प्रत्येक घावात हरते. नेम चुकू लागतो तो थकव्याने, आणि मोठ्या ओंडक्यात सगळा खेळ एकाच भेगेत पुन्हा पुन्हा घाव बसण्याचा आहे.

टायरवाला

माझी सूचना किरकोळ वाटेल, पण माझी कंबर तिच्यामुळे टिकली आहे. जुने टायर घ्यावे आणि चौकोनी होत आलेला गाभा किंवा लहान ओंडका त्यात उभा करावा. फोडलेले तुकडे टायरमध्येच उभे राहतात, दूर उडत नाहीत आणि प्रत्येक घावानंतर वाकून उभे करावे लागत नाहीत. मोठ्या ओंडक्याला टायर बसत नाही; तिथे भोवती जाड साखळी आणि तिच्यात ताणलेल्या रबरी दोरीचा एक तुकडा अडकवला तर तेच काम होते. दिवसभरात माणूस दमतो तो घावांनी कमी आणि वाकण्याने जास्त, हे मला साठी उलटल्यावर समजले.

संथकुऱ्हाड (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वजनाचा हिशेब वाचून मी प्रथम खुर्चीत बसलो, कारण त्यातले दोन ओंडके मी आणि शेजाऱ्यांनी मिळून उचलून ठोकळ्यावर ठेवण्याचा बेत केला होता. तो रद्द केला आहे. यंत्राविषयी आणि बेचक्याच्या ओंडक्यांविषयी कोणी लिहिल्यास उपकार होतील.

दट्ट्या

यंत्राबद्दल मी सांगू शकतो. सात वर्षे वापरतो आहे. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रात एक दट्ट्या लाकडाला पाचरीवर रेटतो, किंवा पाचरच लाकडात उतरते. घरगुती विजेवर चालणारी लहान यंत्रे साधारण ५ ते ७ टनांचा जोर देतात. इंजिनावर चालणारी २० टनांच्या पुढे जातात. लहान यंत्र आपल्या साठ सेंटीमीटरच्या ओंडक्यापुढे हात टेकील, आणि मुळात तेवढा रुंद ओंडका त्यावर बसणारही नाही.

परंतु टनांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा, की ते यंत्र उभे होते का? आडव्या यंत्रावर ओंडका कमरेइतका उचलावा लागतो, म्हणजे ज्यातून सुटका हवी तेच काम पुन्हा पदरी पडते. उभ्या यंत्राचे खालचे ताट जमिनीलगत असते. ओंडका गडगडत नेऊन त्यावर उभा करता येतो. १९ ओंडक्यांसाठी यंत्र विकत घेण्याचे कारण मला दिसत नाही. उभे होणारे यंत्र दोन दिवस भाड्याने आणावे आणि सगळे मोठे ओंडके चार-चार तुकड्यांत करून ठेवावेत. पुढचे काम हाताने, सवडीने.

यंत्रावर एका वेळी एकाच माणसाने काम करावे. एकाने लाकूड धरायचे आणि दुसऱ्याने दांडी ओढायची, या वाटणीत बोटे जातात. दोन्ही हात गुंतवणारी दांडी असेल तर ती दोरीने बांधून एका हाताने चालवण्याची हुशारी करू नये. तेलाची नळी कुठे गळते आहे हे हात फिरवून कधीही पाहू नये. सुईएवढ्या छिद्रातून त्या दाबाचे तेल कातडीखाली शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि तरीही तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे.

उभीरेषा

बेचक्याच्या लाकडाबद्दल: तिथे दोन फांद्यांचे तंतू एकमेकांत विणलेले असतात, त्यामुळे «तंतूंच्या मधून फोडणे» हा प्रकारच उरत नाही. एल्म, चिंच, निलगिरी यांच्या सरळ बुंध्यातही थोड्याफार फरकाने हेच आढळते. त्यावर कुऱ्हाड घालू नये. ओंडका आडवा पाडून, दोन्ही बाजूंनी पाचर लावून स्थिर करावा आणि साखळी करवतीचे पाते तंतूंना समांतर ठेवून वरून खाली चिरत जावे. या दिशेने भुशाऐवजी रंध्यातून निघतात तशा लांब कुरळ्या सालपट्या निघतात. त्या करवतीच्या झाकणात अडकतात, म्हणून मधून मधून इंजिन बंद करून साफ कराव्यात. तीन चतुर्थांश चिरून झाल्यावर थांबावे, म्हणजे साखळी मातीला लागत नाही. उरलेला भाग त्या फटीत पाचर ठोकून उघडतो. करवतीची सवय नसेल तर हे काम सवय असलेल्या माणसाकडून करून घ्यावे. पात्याचे टोक लाकडाला लागले तर करवत उसळून तोंडाकडे येते, आणि ते शिकण्याचे वय आपले नाही.

संथकुऱ्हाड (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनंतर लिहितो आहे. खांदा मोकळा व्हायला दहा दिवस लागले, तोपर्यंत मी फक्त पहारीने ओंडके उभे केले आणि प्रत्येकाच्या तोंडावर खडूने ढलप्यांच्या रेषा आखल्या. पत्नीने त्याला रांगोळी म्हटले. पण त्या रेषांमुळे एक गोष्ट ध्यानात आली, की गाठी कुठे आहेत ते आधी पाहून ठेवले तर कुठल्या बाजूने शिरायचे हे ओंडकाच सांगतो. गाठीवर मी एकही घाव घातला नाही. गाठ शेवटच्या तुकड्यात राहू दिली आणि तो तुकडा तसाच रचला.

साठ सेंटीमीटरचे अकरा ओंडके ढलप्या काढून संपले. २.५ किलोंची कुऱ्हाड शेजाऱ्यांकडून आणली होती. वीस मिनिटे काम आणि दहा मिनिटे बसणे, असा क्रम ठेवला, आणि दिवसाला एकाहून अधिक ओंडका घेतला नाही. पहिल्या ओंडक्याला ८४ घाव लागले, अकराव्याला ३७. यात माझी ताकद वाढलेली नाही. कडेपासून किती आत शिरावे याचा अंदाज बसला. माझ्या लाकडाला ८ सेंटीमीटर मानवले, १० सेंटीमीटरला कुऱ्हाड रुतत होती.

पंचाहत्तरचा एक ओंडका पाचरींनी उघडला. तिथे माझी एक चूक झाली, ती इतरांसाठी नोंदवतो. तडा चार बोटे उघडला होता आणि आत काही तंतू धरून होते. ते कोयत्याने तोडण्यासाठी मी डावा हात फटीच्या कडेला टेकवला. पाचर सैल होऊन बाहेर पडली आणि फट मिटली. हातमोज्याचे टोक आत राहिले, बोट थोडक्यात वाचले. आता फटीत आधी लाकडाचा तुकडा अडकवतो आणि मगच कोयता लांब दांड्याने आत घालतो.

उरलेले मोठे तीन आणि बेचक्याचे दोन ओंडके बाकी आहेत, शिवाय साठ सेंटीमीटरचे दोन, जे उतारावर असल्याने मी हातच लावला नाही.

पहार

उतारावरचे दोन ओंडके गडगडवू नका. खालच्या बाजूला पाचर लावून, आहेत तिथेच, स्वतः वरच्या बाजूला उभे राहून पाचरी आणि घणाने अर्धे करा. अर्धा ओंडका सपाट बाजूवर टेकला की तो गडगडत नाही.

दट्ट्या

आणि मोठ्या तिनांसाठी यंत्र आणाल तेव्हा ते ओंडक्यांजवळ न्या, ओंडके यंत्राजवळ नेऊ नका. त्याला चाके असतात.

संथकुऱ्हाड (धागाकर्ता)

यंत्र पुढच्या शनिवारी येते आहे. मुलगा मदतीला येतो म्हणाला, तेव्हा दांडीला एकच माणूस हा नियम त्याला फोनवर आधीच वाचून दाखवला. तो लाकूड रचील, मी दांडी धरीन.